जळालेला बोर्ड खर्ची टाकू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे छायाचित्र छापून आले. त्यात पहिला क्रमांक मिळालेले जे ‘स्मार्ट सिंचन’ यंत्र दिसते, त्याच्यासमोर मी त्या दिवशी पंधरा मिनिटे उभी होते. कुंडीतल्या मातीत खुपसलेला सेन्सर, वीज चालू-बंद करणारा निळा रिले, आर्डुइनोचा बोर्ड (प्रोग्रॅम टाकता येणारी चिप असलेली पट्टी) आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बुडवलेला छोटा पंप. माती कोरडी झाली की पंप सुरू, ओली झाली की बंद. छान चालत होते. मी त्या मुलाला विचारले, “बाळा, सेन्सरची वायर कुठल्या पिनवर घेतलीस?” त्याने बोर्डाकडे पाहिले, मग त्याच्या सरांकडे पाहिले. सर म्हणाले, “मॅडम, ते सगळं जोडलेलंच येतं. पॅकेज मिळतं.”

मुलाचा यात काही दोष नाही, आणि सरांचाही मी मानत नाही. का मानत नाही, तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

त्याच मांडवात अगदी शेवटच्या टेबलावर आठवीतली एक मुलगी बसली होती. तिचाही विषय तोच, पण तिचा पंप चालत नव्हता, त्यामुळे परीक्षक तिच्यापाशी थांबले नाहीत. ती मला म्हणाली, “बाई, पंप चालू झाला की बोर्ड सगळं विसरतो.” मी विचारले, “तुला कसं कळलं?” तिने प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला बोर्डावरचा दिवा तीनदा लुकलुकवायला सांगितले होते, उगाच, शोभेसाठी. तर प्रत्येक वेळी पंपाला वीज गेली की तो दिवा पुन्हा तीनदा लुकलुकायचा. “म्हणजे तो परत पहिल्यापासून सुरू होतोय ना?” तिने पंप बोर्डाच्याच ५ व्होल्टच्या पिनवरून चालवला होता. मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते, व्होल्टेज खाली बसते आणि चिप पुन्हा शून्यापासून सुरू होते. तिला उपायही ठाऊक होता: पंपाला वेगळे सेल लावायचे. ते तिच्याकडे नव्हते. मी एवढेच जोडले की सेल वेगळे लावलेस आणि पंप रिलेऐवजी ट्रान्झिस्टरने चालवलास, तर दोन्हींचे ग्राउंड, म्हणजे उणे टोक, एकमेकांना जोडावे लागेल. तिने ते तळहातावर पेनाने लिहून घेतले.

मी ३१ वर्षे एका माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. प्रदर्शने खूप पाहिली. मांडवातले खरे काम त्या शेवटच्या टेबलावर होते, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते.

आता माझ्या शाळेची गोष्ट. मी निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधी दहावीच्या एका जुन्या बॅचने पैसे जमवून शाळेला एक संच भेट दिला. १० आर्डुइनो उनो बोर्ड, ब्रेडबोर्ड, जम्पर वायरी, तापमानाचे, अंतराचे, मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर, सर्वो मोटरी, रिले, एलईडींची पाकिटे. मुलांनी फार मनापासून दिला होता. मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून मी सगळ्या वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवल्या. शाळेत काम केलेल्या कोणालाही याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्या वहीत चढलेली वस्तू म्हणजे टेबल, खुर्ची, भिंतीवरचे घड्याळ. ती दरवर्षी मोजली जाते. कमी भरली तर जिच्या ताब्यात आहे तिने उत्तर द्यायचे, आणि निर्लेखन, म्हणजे वहीतून कमी करायचे तर ठराव, पंचनामा, मंजुरी. अकरा महिने फाईल फिरलेली मी पाहिली आहे, एका मोडक्या स्टुलासाठी.

मग त्या संचाचे काय होणार? कपाटात गेला. विज्ञान शिक्षक दोनदा म्हणाले, “बाई, काढू या का एकदा?” मी विचारायची, “जळलं तर?” ते गप्प बसायचे. त्यांनाही घरदार होते. एकदा त्यांनी धीर करून संगणक कक्षात नेला, तर बोर्डावरच्या सीएच ३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर संगणकात टाकायला पासवर्ड हवा होता आणि तो कोणालाच माहीत नव्हता. संच परत कपाटात. शाळेला कोणी पाहुणे आले की मी तो बाहेर काढून टेबलावर मांडायची, समोर ‘हात लावू नये’ अशी पाटी ठेवायची आणि संध्याकाळी मोजून आत ठेवायची.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना तो संच शेवटचा मोजला. १० बोर्ड, दहाच्या दहा चंदेरी पाकिटांत बंद. एकाही पाकिटाची कड फाटलेली नव्हती. चार्ज घेणारे म्हणाले, “बाई, तुमचं काम चोख, एक नग कमी नाही.” त्या वाक्याने मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन वर्षांत आठवी-नववीची दोन-अडीचशे मुले त्या कपाटासमोरून गेली आणि किल्ली माझ्या कमरेला होती.

माझ्यासारखीला तर हे आधीच कळायला हवे होते, कारण माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. आमच्या गावात त्यांचे आठ बाय दहाचे दुकान होते. महिन्यातून एकदा ते पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. रात्री परत यायचे ते पिशवीभर कंडेन्सर, व्हॉल्यूम कंट्रोल आणि ट्रान्झिस्टर घेऊन. दुकानात राळेचा वास कायम. एसी १२८ हा जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर फार नाजूक, डाग देताना उष्णता आत गेली की मेला. म्हणून त्याचा पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. हे त्यांनी मला सांगितले नव्हते. माझ्या हातून दोन मेले, तेव्हा तिसऱ्या वेळी त्यांनी न बोलता चिमटा पुढे केला. मेलेले पार्ट टाकायला बोर्नव्हिटाचा एक डबा होता. तो भरला की ते म्हणायचे, “ही माझी फी.” मी दहा वर्षांची होते, मला वाटायचे ते गिऱ्हाइकांविषयी बोलत आहेत.

आर्डुइनो हा बोर्ड कुठून आला हेही वाचकांना ठाऊक असावे. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ या गावातल्या डिझाइन संस्थेत तो तयार झाला. मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इंजिनिअरांसाठी केलेला नव्हता. चित्रे काढणाऱ्या, वस्तू घडवणाऱ्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हते आणि बाजारातले बोर्ड महाग होते, म्हणून केला. गावातल्या ज्या बारमध्ये ही मंडळी बसायची, त्याचे नाव अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या अर्दुइन राजावरून पडलेले, तेच बोर्डालाही मिळाले. त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला, म्हणून तर आज आपल्याकडे पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्याच्या नकला चार-पाचशेच्या आत मिळतात. आणि नेहमीच्या उनोवरची मोठी चिप पाहिली तर ती डाग देऊन बसवलेली नसते. २८ पायांची ती एटीमेगा ३२८ चिप सॉकेटमध्ये नुसती दाबून बसवलेली असते. जळाली तर स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटून काढायची आणि बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम) टाकलेली दुसरी बसवायची. म्हणजे करणाऱ्यांनीच धरून ठेवले आहे की शिकणाऱ्याच्या हातून चिप मरणार. यूएसबीच्या वाटेवर त्यांनी फ्यूजही असा ठेवला आहे की शॉर्ट झाले तर वीज आपोआप तोडतो आणि थंड झाला की पुन्हा जोडतो. इतका विचार केलेली वस्तू आपण खुर्च्यांच्या यादीत घातली.

निवृत्तीनंतर मी स्वतः शिकायला बसले. निमित्त कांद्याचे. घरामागे आमची २५ टनांची कांदाचाळ आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरतो आणि भाव पाहून दिवाळीपर्यंत काढतो. कांदा चाळीतही श्वास घेत असतो. साध्या चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता त्याला मानवते, पण जुलै-ऑगस्टमध्ये हे कोणाच्या हातात राहत नाही. सड लागते ती ढिगाच्या पोटात, बाहेरून दिसत नाही. माझ्या सासूबाई ढिगात कोपरापर्यंत हात घालायच्या आणि वास घ्यायच्या. त्यांचा अंदाज क्वचित चुकायचा. त्या गेल्यावर तो हात राहिला नाही.

पुण्याला डिप्लोमा करणाऱ्या भाच्याने मला नोडएमसीयू नावाचा वायफाय असलेला बोर्ड आणि डीएस१८बी२० हे तापमानाचे पाच सेन्सर कुरिअरने पाठवले. हा सेन्सर स्टीलच्या बोटाएवढ्या नळीत बंद असतो, ढिगात खोल घालता येतो, आणि एकाच तीन तारांच्या वायरीवर पाचही चालतात. पहिल्या दिवशी बोर्ड संगणकाला दिसेचना. अर्धा दिवस गेला, मग कळले की केबल नुसती चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी ५ व्होल्टची तार ३.३ च्या पिनला लावली. धूर निघाला नाही, नुसती चिप तापली आणि संपली. मी वडिलांच्या वयाची झाले होते आणि पहिला पार्ट जाळला तेव्हा रडायला आले, कारण शाळेतली सवय. दुसरा बोर्ड मागवला.

मग सेन्सर जोडले, तर मोबाईलवर तापमान दिसले उणे १२७ अंश. तेव्हा शेजारची सातवीतली मुलगी माझ्यापाशी बसलेली होती. मी तिला सेन्सरचा माहितीतक्ता दाखवला. ती बराच वेळ वाचत बसली आणि म्हणाली, “आजी, हा तर उणे ५५ च्या खाली मोजूच शकत नाही. मग हे तापमान नाहीच, हा निरोप आहे.” अगदी तसेच होते. सेन्सर सापडत नसला की प्रोग्रॅमची लायब्ररी उणे १२७ हा आकडा देते. माहितीची तार आणि वीज यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, तो मी लावलाच नव्हता. लावला आणि पाचही सेन्सर बोलू लागले.

पुढे ऑगस्टमध्ये एका रात्री मोबाईलने ८५ अंश दाखवले. माझे यजमान बॅटरी घेऊन अनवाणी चाळीकडे धावले. ढीग थंड होता. उंदराने वायर कुरतडली होती, जोड सैल झाला होता, आणि वीज जाऊन परत आली की हा सेन्सर पहिले मोजमाप होईपर्यंत ८५ हाच आकडा धरून बसतो. हेही माहितीतक्त्यात लिहिलेले होते, आम्ही तिथवर वाचले नव्हते. त्याच मोसमात तिसऱ्या कप्प्यातला सेन्सर मात्र सलग चार दिवस बाकीच्यांपेक्षा तीन-साडेतीन अंश वर राहिला. या वेळी तक्ता तपासला, जोड तपासले, सगळे ठीक होते. कप्पा उघडला. मधोमध चार पाट्या कांदा सडलेला निघाला. तो काढला, बाजूचे पडदे वर केले, बाकीचा कप्पा वाचला. सासूबाई असत्या तर त्यांना हे यंत्र दाखवले असते. त्या म्हणाल्या असत्या की हात घालून बघ, आणि दोन्ही जुळले असते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की त्या सातवीतल्या मुलीला उणे १२७ चा अर्थ चुकलेल्या जोडणीतून कळला. जोडणी बरोबर असती, पॅकेज तयार आले असते, तर तिने तो तक्ता कधी उघडला नसता.

आता शासनाकडे आणि संस्थांकडे माझे म्हणणे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबची, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या शाळेतल्या प्रयोगशाळांची, योजना २०१६ पासून चालू आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, आणि अशा १०,००० लॅब झाल्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅब उभ्या करायचे जाहीर झाले आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. आपल्याच राज्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून मुलांना हाताने काम करत शिकवले, आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब (यंत्रांवर स्वतः वस्तू बनवायची कार्यशाळा) २००२ साली त्याच पाबळला आली. तेव्हा आपल्याला हे नवीन नाही. पण ज्या शाळेत सामान येईल, त्या शाळेतल्या बाईंच्या हातात ते कोणत्या वहीत चढेल, याचा विचार सामानाआधी व्हायला हवा.

रसायनांच्या बाबतीत आपण तो केलेला आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल, मॅग्नेशियमची फीत, लिटमस कागद मी ३१ वर्षे खर्ची टाकले. परीक्षानळ्या फुटल्या की फूटतुटीत लिहिल्या. लिटमस परत का आला नाही, असे मला एकाही हिशेबनिसाने विचारले नाही, कारण ते वापरून संपायचेच असते हे सगळ्यांना मान्य आहे. एलईडी, रेझिस्टर, सेन्सर, सर्वो, रिले आणि पाचशे रुपयांच्या आतला बोर्डसुद्धा याच वहीत हवा. संगणक, थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंग स्टेशन खुशाल जडवस्तूंत ठेवा. शिक्षणाधिकाऱ्यांनी एक साधे परिपत्रक काढले तरी कितीतरी कपाटे उघडतील.

देणगी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. एकदम ५० हजारांचा संच देऊन फोटो काढण्यापेक्षा दरवर्षी दोन हजार रुपये द्या, ‘जाळण्यासाठी’ असे पावतीवर लिहून द्या. आणि परीक्षकांनी प्रत्येक मुलाला एकच विचारावे: काय जळाले, आणि का?

सुरक्षिततेबद्दल पालक काळजी करतात, ती रास्त आहे. माझ्याकडे शिकायला येणारी मुले फक्त यूएसबी आणि सेलवर काम करतात. २३० व्होल्टला हात नाही. शेतातला पंप रिलेने चालवायचे खूळ मुलांच्या डोक्यात हमखास येते. रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असते, पण मोटर सुरू होताना नेहमीच्या चालण्याच्या प्रवाहाच्या पाच-सात पट ओढते, तिथे कॉन्टॅक्टर (मोटरीसाठीचा दणकट स्विच) आणि परवानाधारक वायरमनच हवा. हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि लिहून घेते.

आता दर शनिवारी दुपारी माझ्या ओसरीवर नऊ मुले येतात. मराठी माध्यमाचीच आहेत. प्रोग्रॅम इंग्रजीत असतो, पण ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की संगणक अडतो, हे त्यांना एका दिवसात पाठ झाले. व्याकरणाच्या पेपरात ज्या अर्धविरामाचे त्यांना काही वाटत नसे, तो आता सगळ्यांना दिसतो.

तिथे मी एक खर्चवही ठेवली आहे. तारीख, वस्तू, किंमत आणि शेवटचा रकाना ‘कारण’. तो रकाना ज्याच्या हातून गेले त्याने स्वतः भरायचा, मी भरत नाही. वर्षभराच्या नोंदी अशा: एलईडी ११ नग, २२ रुपये, रेझिस्टर न लावता थेट जोडले. सर्वो मोटर १, ११० रुपये, हाताने फिरवली, आतले प्लॅस्टिकचे दात तुटले. मातीचा सेन्सर २, १०० रुपये, “वीज सतत चालू ठेवली, पट्टी पाण्यात विरघळून काळी झाली, आता मोजायच्या वेळीच पिन चालू करतो.” उनो बोर्ड १, ३८० रुपये, १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या पिनला. अंतर मोजायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर १, ८० रुपये. एकूण ६९२ रुपये. नऊ मुले, एक वर्ष.

कोणत्याही शाळेला नमुना म्हणून उपयोगी पडावीत यासाठी वहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. शेवटच्या नोंदीपुढचा ‘कारण’ हा रकाना कोरा दिसेल, ती माझी चूक समजू नये. त्या मुलाने सेन्सर पाण्याच्या टाकीच्या झाकणाला आतून लावला होता, तो का गेला हे त्याला अजून सापडलेले नाही. येत्या शनिवारी तो टाकीचे झाकण घेऊन येणार आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
ता. निफाड, जि. नाशिक

(माझे नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. त्यावरून शाळा ओळखू येईल, म्हणून कृपया तो छापू नये.)